कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचंय? युरोपातल्या मास्टर्सची वाट, टप्प्याटप्प्याने

सोसायटीची लिफ्ट अधूनमधून अडकते. दुरुस्तीला चाळीस हजार रुपये लागतील. दुरुस्ती केली नाही तर वर्षभरात अपघात होण्याची शक्यता समजा दोन टक्के, आणि झालाच तर नुकसान तीस लाखांचं. तीस लाखांचे दोन टक्के म्हणजे साठ हजार. चाळीस हजारांची खबरदारी साठ हजारांच्या संभाव्य नुकसानापेक्षा स्वस्त असूनही कमिटीने ती घेतली नाही, म्हणून कमिटी निष्काळजी. दुरुस्तीचा खर्च नव्वद हजार असता तर याच हिशोबाने उत्तर उलटं आलं असतं.

हे गणित १९४७ साली अमेरिकेतले न्यायाधीश लर्नेड हँड यांनी एका निकालपत्रात मांडलं. प्रकरण होतं न्यूयॉर्क बंदरात दोर सुटून वाहत गेलेल्या एका बार्जचं, आणि प्रश्न होता की बार्जवर माणूस हजर ठेवणं मालकाचं कर्तव्य होतं का. पुढे १९६० मध्ये रोनाल्ड कोस यांचा सामाजिक खर्चावरचा निबंध आला, १९६१ मध्ये गिडो कॅलाब्रेसी यांनी अपघातांच्या जोखमीवर लिहिलं, आणि कायद्याचं आर्थिक विश्लेषण ही स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. युरोपात तिने मूळ धरलं ते ऐंशीच्या दशकात. युरोपियन असोसिएशन ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स ही संस्था १९८४ची.

लिफ्टचं गणित वाचताना ‘माणसाच्या जिवाची किंमत तीस लाख कुणी ठरवली?’ असा प्रश्न पडून चिडचिड झाली असेल, तर उत्तम. ती चिडचिड घेऊनच या विषयात यावं. पण ‘यात आकडे का आले?’ याचाच वैताग आला असेल, तर साधं एलएलएम, म्हणजे कायद्यातलं मास्टर्स, करा. वर्ष आणि पैसे दोन्ही वाचतील.

आधी ठरवा: शेवटी काय व्हायचंय?

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी विद्यापीठांची क्रमवारी, मग शहराचे फोटो, मग शिष्यवृत्ती, आणि सगळ्यात शेवटी ‘हे करून मी काय करणार?’ एका वर्षाच्या अभ्यासक्रमात हा क्रम महागात पडतो. तिथे पोचून स्थिरस्थावर होईपर्यंत दुसरं सत्र येतं आणि प्रबंधाचा विषय द्यायची वेळ होते.

ढोबळ मानाने दोन प्रकारची माणसं या वाटेला येतात. आकडे वाचता येणारा वकील व्हायचं असतं तो एक. स्पर्धा कायदा (मक्तेदारी आणि संगनमत रोखणारा), दिवाळखोरी, वीज किंवा दूरसंचार नियमन या क्षेत्रांत त्याला काम असतं. निकालपत्र वाचता येणारा अर्थतज्ज्ञ व्हायचं असतं तो दुसरा. नियामक संस्था, आर्थिक सल्लागार कंपन्या, धोरण संशोधन हे त्याचं मैदान. दोघांना एकाच वर्गात बसवलं जातं, पण दोघांनी निवडायचे ऐच्छिक विषय, मार्गदर्शक आणि कधी कधी पदवीचं नावसुद्धा वेगळं असतं. ‘दोन्ही’ असं उत्तर येत असेल तर अजून विचार झालेला नाही, असं मी समजतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. यातल्या कुठल्याही मास्टर्समुळे युरोपात वकिली करायची सनद मिळत नाही. आणि अर्थशास्त्राचा पदवीधर तिथून एलएलएम घेऊन आला तरी भारतात वकील होत नाही. त्याला एलएलबी करावीच लागते.

पर्याय कोणते

अनेक विद्यापीठांत फिरून शिकायचं असेल तर सर्वांत जुना आणि नावाजलेला रस्ता म्हणजे युरोपियन मास्टर इन लॉ अँड इकॉनॉमिक्स, ज्याला सगळे ‘ईएमएलई’ म्हणतात. १९९० मध्ये युरोपीय विद्यापीठांमधल्या इरॅस्मस विद्यार्थी-देवाणघेवाणीतून तो सुरू झाला आणि २००४ मध्ये इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या संयुक्त मास्टर्स योजनेच्या पहिल्याच तुकडीत आला. नेदरलँड्समधलं रॉटरडॅमचं इरॅस्मस विद्यापीठ आणि जर्मनीतलं हॅम्बर्ग हे त्याचे जुने खांब. बेल्जियमचं गेंट, इटलीतलं बोलोन्या, फ्रान्सचं एक्स-मार्से, व्हिएन्ना, वॉर्सॉ, बार्सिलोना, इस्रायलचं हैफा ही नावं वेगवेगळ्या काळात भागीदारांच्या यादीत आलेली आहेत. आपल्याला जवळचं नाव म्हणजे गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली ही संस्थाही या जाळ्यात तिसऱ्या सत्राचं ठिकाण राहिली आहे. म्हणजे युरोपातला विद्यार्थी भारतीय विषयावर प्रबंध लिहायला फिल्मसिटीच्या रस्त्याला येऊन राहतो, असंही घडलेलं आहे. भागीदारांची यादी दर काही वर्षांनी बदलते, म्हणून तुमच्या प्रवेशवर्षाची ताजी यादीच प्रमाण माना.

हा अभ्यासक्रम एका वर्षाचा, ६० युरोपीय क्रेडिटचा आणि पूर्ण इंग्रजीतून आहे. साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर पहिलं सत्र, जानेवारी ते मार्च दुसरं, एप्रिलपासून तिसरं आणि ऑगस्टपर्यंत प्रबंध. किमान दोन विद्यापीठांत शिकावंच लागतं. जिथे शिकाल त्या विद्यापीठांच्या पदव्या मिळतात. कुठे एलएलएम, कुठे एमए. प्राध्यापकी डोक्यात असेल तर पदवीचं नेमकं नाव अर्ज करण्याआधीच बघा. का, ते शेवटी येईलच.

एकाच गावात बसून शिकायचं असेल तर उट्रेक्ट विद्यापीठाचं लॉ अँड इकॉनॉमिक्समधलं एलएलएम आहे. वित्तक्षेत्राकडे ओढा असेल तर ऑक्सफर्डचं लॉ अँड फायनान्समधलं एमएससी २०१० पासून चालू आहे. त्यात गणिताची भीती बाळगून चालत नाही. फ्रँकफर्टच्या इन्स्टिट्यूट फॉर लॉ अँड फायनान्सचं एलएलएम बँकिंगच्या लोकांना मानवतं. पीएचडीसाठी बोलोन्या, हॅम्बर्ग आणि रॉटरडॅम यांनी मिळून उभा केलेला युरोपियन डॉक्टरेट इन लॉ अँड इकॉनॉमिक्स हा वेगळा कार्यक्रम आहे. या लेखात पुढे मुख्यतः ईएमएलईसारख्या फिरत्या अभ्यासक्रमाचं सांगतो, कारण गुंतागुंत तिथे जास्त आहे. एकाच विद्यापीठात जाणाऱ्याने व्हिसाचा अर्धा भाग ओलांडून पुढे जावं.

पात्रता आणि तीन वर्षांच्या पदवीचा पेच

बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी अशी पाच वर्षांची पदवी असेल तर अडचण सहसा येत नाही. तीन वर्षांची बीए किंवा बीकॉम असेल तर दोन पायऱ्यांवर विचार करा. पहिली पायरी प्रवेशाची. बऱ्याच ठिकाणी १८० क्रेडिट म्हणजे तीन वर्षांची पदवी चालते, पण काही विद्यापीठं २४० मागतात किंवा भारतीय तीन वर्षांच्या पदवीला कमी लेखतात. हे ईमेलने विचारून घ्या आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

दुसरी पायरी पुढच्या पीएचडीची, आणि तिचा विचार कुणीच करत नाही. युरोपात तीन अधिक दोन अशी पाच वर्षं, म्हणजे एकूण ३०० क्रेडिट, हा रुळलेला हिशोब आहे. तीन वर्षांची बीए आणि एका वर्षाचं मास्टर्स मिळून २४० होतात. काही ठिकाणी, विशेषतः जर्मनीत, पीएचडीच्या दारात ही उणीव आडवी येऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणातला चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय समोर असेल आणि संशोधनात जायचं असेल, तर ते चौथं वर्ष करूनच निघा.

दीड वर्ष आधीपासूनची तयारी

ऑक्टोबरला वर्ग सुरू होणार असतील तर शिष्यवृत्तीसह अर्जाची मुदत साधारण आधीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत संपते. स्वखर्चाने जाणाऱ्यांना वसंतापर्यंत वेळ मिळतो. याचा अर्थ एप्रिल-मे मध्येच कामाला लागायचं.

पहिलं काम ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत उताऱ्याचं. मुंबई विद्यापीठाचे असाल तर कलिना, पुण्याचे असाल तर विद्यापीठाची ऑनलाइन सोय. कुठेही असलात तरी निकालाच्या आणि पुनर्मूल्यांकनाच्या हंगामात हे काम रेंगाळतं. दोन-तीन सीलबंद प्रती जास्तीच्या घ्या.

दुसरं काम नावाचं. हा खास आपल्या राज्याचा घोळ आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. पदवी प्रमाणपत्रावर तिसराच क्रम. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण गेंटच्या प्रवेश कार्यालयातल्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. सगळीकडे एकच नाव वापरा: पासपोर्टवर आहे ते, अक्षर न अक्षर. इंग्रजीच्या परीक्षेचं आणि बँकेचं खातंही त्याच नावाने. गुणपत्रिकेतला फरक समजावणारं एक प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे काम दुप्पट तातडीचं.

तिसरं, टक्केवारी. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत ६० टक्क्यांना पहिला वर्ग आणि ६५ म्हणजे वर्गात वरचा. हे बाहेरच्या निवड समितीला कसं कळणार? म्हणून शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना विनंती करा की ‘हुशार, मेहनती, शिस्तप्रिय’ या विशेषणांऐवजी तुमचा वर्गातला क्रमांक, वर्गात किती मुलं होती आणि त्या विषयात साधारण किती गुण पडतात, हे एका वाक्यात लिहावं. त्या एका वाक्याचं वजन पानभर कौतुकापेक्षा जास्त पडतं. दोन पत्रांपैकी एक अशा शिक्षकाचं हवं ज्यांनी तुमचं लिखाण तपासलंय. ओळखीच्या न्यायाधीशांचं किंवा आमदारसाहेबांचं पत्र लावायचा आग्रह घरचे धरतील. तो टाळा.

इंग्रजीची परीक्षा, मग आयईएलटीएस असो वा टोफेल, सप्टेंबरच्या आत देऊन टाका. निकाल दोन वर्षं चालतो.

एसओपी: इथेच अर्ज ठरतो

‘लहानपणापासून मला न्यायाची आवड होती’ इथून सुरू होणारा एसओपी, म्हणजे आपण हे का शिकणार हे सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, समिती किती गांभीर्याने वाचत असेल, याची कल्पना करा. या विषयात तरी असं लिहायला निमित्तच नाही, कारण आपल्या आजूबाजूला कायदा आणि पैसा यांच्या गाठी इतक्या आहेत की कुठलीही एक घेऊन सोडवायला बसता येतं.

उदाहरणार्थ पागडी, म्हणजे भाड्याची जागा घेताना किंवा दुसऱ्याला देताना भाड्याव्यतिरिक्त मोजली जाणारी एकरकमी रक्कम. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. घरमालकाला भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही सुटेना, म्हणून त्याने दुरुस्ती सोडली. भाडेकरूला जागा सोडणं म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी सोडणं, म्हणून तो हलेना. बाजाराने कायद्याला वळसा घातला आणि पागडीचा व्यवहार रोखीत, काळ्यात सुरू झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात म्हटलं की प्रमाण भाडं असं गोठवून ठेवण्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्या आहेत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि त्याच्या कलम ५६ ने पागडी घेण्या-देण्याला कायद्याची मान्यता दिली. गिरगाव-लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे सगळं घरच्या गप्पांतून माहीत असतं. तिने फक्त तीन प्रश्न नीट मांडायचे: मालमत्तेचा हक्क नेमका कुणाचा होता, सौदा करायचा खर्च कशामुळे वाढला, आणि इमारत पडली तर ते नुकसान सोसणारा सौद्यात होता का? कोस यांच्या निबंधातला मूळ प्रश्न हाच आहे.

कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर ऊस घ्या. दोन साखर कारखान्यांत किमान हवाई अंतर राखायचा नियम आहे. केंद्राने १५ किलोमीटर ठेवलेलं, महाराष्ट्राने २५ केलं. या अंतरामुळे शेतकऱ्याची भाव मागायची ताकद वाढते की घटते? एफआरपीने, म्हणजे उसाच्या केंद्र सरकारी रास्त दराने, किमान दर ठरवून दिल्यावर अंतराच्या नियमाला काय अर्थ उरतो? स्पर्धा कायद्याच्या प्राध्यापकाला असा प्रश्न हातात मिळाला तर तो खुर्ची पुढे ओढून बसेल.

करार कायदा आवडत असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याची २०१८ची दुरुस्ती आहेच. करार मोडला तर नुकसानभरपाई द्यायची की करार पाळायलाच लावायचं, हे आधी न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. दुरुस्तीने पाळायला लावणं हा जवळपास नियम केला. अर्थशास्त्रात एक मत असं आहे की कधी कधी करार मोडून भरपाई देणं सगळ्यांच्याच फायद्याचं असतं. भारताने उलट दिशा का धरली असावी? न्यायालयांतला विलंब आणि तुटपुंजी भरपाई हे त्याचं उत्तर आहे का? एवढं दोन परिच्छेदांत लिहिता आलं तर एसओपी झालाच म्हणा.

एका प्रश्नावर थांबा. तीन प्रश्न कोंबले की समितीला वाटतं, याचं काही ठरलेलं नाही. मग ‘हाच अभ्यासक्रम का’ या भागात कुठल्या सत्रात कुठे जायचंय आणि तिथे तुमच्या प्रश्नावर काम करणारं कोण आहे, ते लिहा. त्या प्राध्यापकांचा किमान एक लेख खरोखर वाचलेला असावा. मुलाखत झाली तर पहिलं त्यावरच विचारतात.

जाण्याआधीचा अभ्यास

कायद्याच्या विद्यार्थ्यांचा घात सूक्ष्म अर्थशास्त्र करतं. पहिल्या सत्रात मागणी-पुरवठा, सीमांत खर्च, उपयोगिता, नॅशचा समतोल हे सगळं काही आठवड्यांत उरकतात. अकरावीनंतर गणित सोडलं असेल तर साधं अवकलन, म्हणजे फलनाचा चढ काढणं आणि कमाल-किमान बिंदू शोधणं, इतकं तरी उन्हाळ्यात परत गिरवा. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर सूक्ष्म अर्थशास्त्राचे मोफत अभ्यासक्रम आहेत. नुसते व्हिडिओ बघून काही होत नाही. कागदावर आलेख काढा. संख्याशास्त्रात रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजणारा, तक्ता वाचता आला पाहिजे, कारण आता प्रबंधांत आकडेवारी हटकून येते.

अर्थशास्त्राच्या मुलांना वाटतं कायदा म्हणजे पाठांतर. मग पहिलं निकालपत्र हातात पडतं आणि चाळीस पानांत न्यायाधीशांनी नेमकं ठरवलं काय, हेच सापडत नाही. महिनाभर रोज एक छोटं निकालपत्र घ्या आणि वस्तुस्थिती, प्रश्न, निर्णय, कारण अशा चार ओळी लिहा. भारतीय स्पर्धा आयोगाचे आदेश यासाठी छान आहेत, कारण त्यांत बाजारपेठ कशी आखली हे अर्थशास्त्राच्या भाषेत लिहिलेलं असतं. युरोपातले बरेच देश संहितेवर चालतात, आपल्यासारखे पूर्वनिर्णयांवर नाही, हा फरक कायद्याच्या मुलांनीही ध्यानात घ्यावा.

पैसा

इरॅस्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर बाकी चिंता फारशी उरत नाही. २०२१ पासूनच्या नियमांनुसार दरमहा १४०० युरो मिळतात. प्रवास, व्हिसा, राहणं-खाणं सगळं त्यातूनच भागवायचं. शिकवणी शुल्क घेतलं जात नाही आणि विमा अभ्यासक्रमाकडून असतो. पूर्वी एका वर्षी तीनच इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांना अर्ज करता यायचा, ती अट आता नाही. मात्र प्रत्येक अभ्यासक्रमाला दर वर्षी या शिष्यवृत्तीच्या जागा असतातच असं नाही, कारण युरोपीय आयोग ठराविक काळासाठी निधी देतो. तुमच्या वर्षाला जागा आहेत का, हे अर्जाआधी बघा.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती सर्वांना माहीत असते. आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण विभागांच्याही योजना आहेत. फिरत्या अभ्यासक्रमाला इथे खास ठेच लागते. योजनेत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि अर्जात रकाना एकाच विद्यापीठाचा. तुमचं प्रवेशपत्र तीन विद्यापीठांच्या संघाचं. कुठली क्रमवारी धरायची? विभागाला लेखी विचारा आणि समन्वयक विद्यापीठाकडून ‘हा विद्यार्थी आमच्याकडे नोंदणीकृत आहे’ असं पत्र मागून घ्या. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ छाननीच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मुंबईतल्या जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे आणि तिला क्रमवारीची भानगड नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज घेताना बँकेच्या ‘मान्यताप्राप्त’ यादीत विद्यापीठ आहे का ते बघतात. तिथेही संघाचं नाव सापडत नाही, रॉटरडॅम किंवा हॅम्बर्गचं सापडतं. स्वतःच्या खात्यातून मोठी रक्कम बाहेर पाठवली तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, कापते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तेवढी तजवीज ठेवा.

व्हिसा: दोन देश, एक परवाना

फिरत्या अभ्यासक्रमात खरा कस इथे लागतो. ज्या देशात पहिलं सत्र, त्या देशाचा राष्ट्रीय विद्यार्थी व्हिसा घ्यायचा. शेंगेन पर्यटक व्हिसा चालत नाही. नेदरलँड्सला जायचं असेल तर काम सोपं, कारण तुमच्या वतीने विद्यापीठच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करतं. तुम्ही कागदं आणि पैशाचा पुरावा द्यायचा.

जर्मनी पहिली असेल तर दोन गोष्टी लवकर हातात घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. शुल्क १८ हजार रुपये आणि प्रक्रियेला आठवडे जातात, गर्दीच्या दिवसांत महिने. काही शिष्यवृत्तीधारकांना सूट असते, ती तुम्हाला लागू आहे का ते विचारा. दुसरं ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी पैसे भरून दरमहा ठराविकच काढता येणारं खातं: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर ते खात्याऐवजी चालतं.

मग दुसऱ्या सत्राला दुसऱ्या देशात जायचं कसं? युरोपीय संघाचा २०१६चा एक निर्देश आहे, क्रमांक २०१६/८०१. त्यानुसार एका सदस्य देशाचा विद्यार्थी परवाना असलेला आणि विद्यापीठांमधल्या कराराखाली फिरणारा विद्यार्थी दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकू शकतो. नवा व्हिसा लागत नाही, पण बऱ्याच देशांत आधी सूचना द्यावी लागते. ती साधारणपणे यजमान विद्यापीठ देतं. पोचपावती मात्र तुम्ही स्वतःकडे ठेवा. पहिला अर्ज करतानाच ‘हा विद्यार्थी फिरत्या अभ्यासक्रमात आहे’ हे विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. आयर्लंड आणि डेन्मार्क या निर्देशात नाहीत. ब्रिटन आणि इस्रायल अर्थातच बाहेर, तिथे स्वतंत्र व्हिसा.

पदवी आणि जन्मदाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण, इथूनच मारून न्या. परदेशात बसून तो मिळवणं म्हणजे घरच्यांना मंत्रालयाच्या फेऱ्या.

पोचल्यावर

घर मिळणं हे रॉटरडॅममध्ये कटकटीचं आहे, हॅम्बर्गमध्येही फार सुखाचं नाही. तीन-तीन महिन्यांचा भाडेकरू कुणालाच नको असतो. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी नाव घाला. दुसऱ्या सत्रासाठी तिथे पहिलं सत्र केलेल्या विद्यार्थ्यांची खोली थेट घेणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग, कारण ते जानेवारीत दुसऱ्या गावी जात असतात आणि त्यांनाही कुणीतरी हवं असतं. खोली न बघता, करार न होता अनामत मागणारा माणूस म्हणजे फसवणूक, इतकं गृहीत धरा. गेंटमध्ये विद्यार्थ्यांच्या खोलीला ‘कोट’ म्हणतात. जाहिराती शोधताना हा शब्द कामाला येतो.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला नकार देणाऱ्याची खोली घेऊ नका. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेत नोंद झाली की बीएसएन हा वैयक्तिक ओळख क्रमांक मिळतो. गाव सोडताना नोंद रद्द करायला विसरू नका, नाहीतर कुठल्यातरी कराची किंवा विम्याची पत्रं जुन्या पत्त्यावर साचत राहतात.

प्रबंधाचा विषय पहिल्या सत्राच्या नाताळच्या सुट्टीतच एका पानावर लिहून संभाव्य मार्गदर्शकाला पाठवा. एसओपीतला प्रश्न इथे उपयोगी पडतो, पण आता तो आक्रसून घ्यायचा. ‘मुंबईतील भाडे नियंत्रण’ हा प्रबंध नव्हे. ‘कलम ५६ नंतर पागडी हस्तांतराच्या करारांत दुरुस्तीची जबाबदारी कुणावर टाकली जाते’ हा झाला. भारतातली आकडेवारी लागणार असेल तर ती निघायच्या आधीच गोळा करून ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज तिथे बसून करणं जमतं, पण प्रथम अपिलाची वेळ आली की एप्रिलचं सत्र संपत आलेलं असतं.

पदवी हातात आल्यावर

नेदरलँड्समध्ये पदवीनंतर तीन वर्षांच्या आत नोकरी शोधण्यासाठीचा एक वर्षाचा ‘झूकयार’ परवाना मागता येतो आणि त्या वर्षात कुठलीही नोकरी चालते. इरॅस्मस मुंडसचे पदवीधर यात धरले जातात. जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते, बेल्जियम १२. ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाचं स्पर्धा महासंचालनालय आणि त्याच्या आसपास गोळा झालेल्या आर्थिक सल्लागार कंपन्या हे या पदवीचं सर्वांत नैसर्गिक ठिकाण. आयोगाची पाच महिन्यांची ब्लू बुक इंटर्नशिप दर वर्षी मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांसाठीही त्यात थोड्या जागा असतात. फक्त इंग्रजीवर पहिली नोकरी मिळू शकेल. पुढे सरकायला डच, जर्मन किंवा फ्रेंच लागतंच. वर्गातलं इंग्रजी वातावरण त्याचा विसर पाडतं.

भारतात परतणाऱ्यांना मुंबईत स्पर्धा कायद्याचं काम करणाऱ्या फर्म, बीकेसीतली सेबी, वीज नियामक आयोग, रिझर्व्ह बँक आणि धोरण संशोधन संस्था अशी ठिकाणं आहेत. स्पर्धा कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने दोन हजार कोटींवरचे व्यवहार नव्या मूल्य-निकषाखाली भारतीय स्पर्धा आयोगाकडे आणले. तो निकष सप्टेंबर २०२४ पासून लागू झाल्यावर आकडे कळणाऱ्या वकिलांना मागणी वाढणारच होती.

प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र सबुरीने घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२०च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनी परदेशातल्या एका वर्षाच्या एलएलएमला सरसकट समकक्ष मानायला नकार दिला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम आणले, पण कायद्यासारख्या व्यावसायिक पदव्या त्यातून वगळल्या. अर्थशास्त्राच्या विभागात शिकवायचं असेल तर मास्टर्सवर ‘एमए’ असं नाव असलेलं विद्यापीठ शेवटच्या सत्रासाठी निवडणं उपयोगी पडू शकतं. विधी महाविद्यालयात जायचं असेल तर भारतातलं दोन वर्षांचं एलएलएम आणि नेट किंवा सेट हाच आजही कमी धोक्याचा रस्ता आहे, आणि युरोपातलं वर्ष त्याच्यावर चढवायचं.